पडवीत मावणारी लेन्स

पावसाळा लागला की कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं दिसू लागतात. बहुतेकांच्या कॅमेऱ्यावर खोक्यातून आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स असते आणि डोक्यात पुढच्या खरेदीचा विचार. दुकानात विचारलं तर दोन उत्तरं ठरलेली. लांबचं टिपायचं असेल तर ७०-३०० सारखी झूम घ्या, चेहरे छान यायला हवे असतील तर स्वस्तातली ५० घ्या. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत. पण आंदर मावळासारख्या मुलखात माणसांचं रोजचं जगणं टिपू पाहणाऱ्या नवख्याला त्यांतलं एकही फारसं उपयोगी पडत नाही, असं माझं मत आहे. त्याने २४ ते ३५ मिमीच्या दरम्यानची, झूम नसलेली, मोठ्या ॲपर्चरची स्वस्त लेन्स घ्यावी. आणि तीही लगेच नाही, थोडा गृहपाठ करून.

आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचं खोरं. टाकवे बुद्रुकपासून वडेश्वर, डाहुली करत, ठोकळवाडी धरणाच्या पाण्याच्या अंगाने रस्ता खांडीकडे आणि कुसूरच्या माथ्याकडे जातो. कुसूर घाट उतरला की कर्जतचा मुलूख. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्राला १९२२ पासून ठोकळवाडीचं हेच पाणी पुरतं. पाहुण्याच्या नजरेत भरतं ते सगळं मोठं आणि लांबचं: जलाशय, धबधबे, ढगांत बुडालेली डोंगरधार. मात्र खोऱ्यातलं जगणं हाताच्या अंतरावर चालतं. दीड-दोन गुंठ्यांची खाचरं, त्यांत ओळीने वाकलेली चार माणसं, कौलारू घराची अरुंद पडवी, चुलीपुढची जागा, देवळाचा अंधारा सभामंडप. लेन्स निवडताना डोंगराची उंची मोजण्यापेक्षा पडवीची रुंदी मोजलेली बरी.

आधी लांबच्या झूमचं पाहू, कारण मोह तिचाच जास्त. जुलैत समोरचा डोंगर आणि कॅमेरा यांच्या मधोमध मैलभर ओली हवा असते. ३०० मिमीने डोंगर जवळ येतो, पण मधला पांढुरका पडदाही त्याच्यासोबत येतो आणि चित्र फिकट पडतं. याला महाग लेन्सही इलाज नाही. दुसरी अडचण हाताच्या थरथरीची. फोटोग्राफीतला जुना ठोकताळा असा की क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फोकल लेन्थच्या दीडपट आकडा धरावा आणि शटर तितक्यांश सेकंदाहून संथ ठेवू नये. ३०० मिमीला हे १/४५० येतं, म्हणजे व्यवहारात १/५००. परवडणाऱ्या झूमचं ॲपर्चर त्या टोकाला एफ/५.६ किंवा ६.३ एवढंच उघडतं, त्यामुळे ढगाळ दिवशी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढवत न्यावा लागतो आणि चित्रात रवाळपणा येतो. लेन्समधलं स्थिरीकरण मदतीला धावतं हे खरं, पण ते आपला हात सावरतं; रोपांची मूठ फेकणाऱ्याचा नाही. तिसरी गोष्ट तांत्रिक नाही. बांधाच्याही पलीकडे, रस्त्यावर उभं राहून लांब लेन्सने टिपलेल्या लावणीच्या चित्रांत बहुधा वाकलेल्या पाठी आणि इरली दिसतात, चेहरे दिसत नाहीत. वर बघावं असं कुणी त्या बायकांशी बोललेलंच नसतं. ज्याला पक्षीच टिपायचे आहेत त्याची गोष्ट वेगळी. त्याने लांब झूम घ्यावी आणि हा लेख इथेच सोडावा.

आता ५०. एफ/१.८ची ५० मिमी लेन्स ही नवख्यांची पारंपरिक पहिली खरेदी. कॅननने ती १९८७ मध्ये ईएफ माऊंटसाठी आणली आणि २०१५ मध्ये १६० ग्रॅमच्या एसटीएम रूपात सुधारली. स्वस्त, हलकी, चित्र लख्ख देणारी. तिच्यात दोष नाही. दोष तिच्या कीर्तीच्या कालबाह्यतेत आहे. ही कीर्ती फिल्मच्या काळातली, ३६ बाय २४ मिमीच्या चौकटीवरची. आज नवख्याच्या हाती असतो तो छोट्या सेन्सरचा कॅमेरा, आणि त्यावर तीच ५० कॅननमध्ये ८० मिमीसारखी, निकॉन-सोनीत ७५ मिमीसारखी अरुंद बघते. हिशेब करून पाहू. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लावून दहा फुटांवरचं बघितलं तर चौकटीत जेमतेम साडेचार फूट रुंदी येते. ३५ मिमी निकॉनच्या क्रॉप सेन्सरवर पावणेसात फूट पकडते, २४ मिमी कॅननवर सव्वानऊ फूट. साडेपाच फुटी माणूस आडव्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर ५०ला साडेअठरा फूट मागे सरावं लागतं, ३५ला बारा फुटांच्या थोडं पुढे. पडवीत साडेअठरा फूट कुठून आणणार? मागे सरता सरता फोटो काढणारा अंगणातल्या चिखलात पोचतो आणि बोलणं तुटतं. ५०ने एकट्या माणसाचा चेहरा सुरेख येईल, पण भात पाखडणारी बाई, तिचं सूप, शेजारी बसलेली सासू आणि मागचं दार हे सगळं एका चित्रात हवं असेल तर ती कमी पडते.

यावर हमखास येणारा प्रश्न असा की किट लेन्स १८ला पडवी टिपतेच, ३५लाही उभी राहते. मग वेगळा खर्च कशाला? उत्तर प्रकाशात आहे. ॲपर्चरचे आकडे उलटे चालतात, आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि आत येणारा प्रकाश आकड्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. किट लेन्स ३५ मिमीला साधारण एफ/४.५पर्यंत उघडते. एफ/१.८ त्यापेक्षा सव्वासहा पट प्रकाश आत घेते. त्याच शटरला जिथे किट लेन्सला आयएसओ ६४०० लागतो तिथे हिला हजाराच्या आसपास पुरतो. आषाढातल्या दुपारी कौलाखालच्या खोलीत, दारातून येणाऱ्या उजेडावर हाच फरक चित्र राखतो किंवा घालवतो. उघड्या खाचरात मात्र ढगाळ दिवशीही उजेड भरपूर असतो आणि तिथे किट लेन्स झकास काम करते, हे मान्य करायला हवं. तिथे मोठं ॲपर्चर उलट नडतं. दहा फुटांवर ३५ मिमी एफ/१.८ला स्पष्ट पट्टा पावणेदोन फुटांचाच मिळतो. ओळीतली एक लावणारीण स्पष्ट, बाकीच्या पुसट. खाचरात एफ/५.६ किंवा ८ ठेवावं. पाठीमागचं धूसर करण्याची हौस नवख्याला फार असते, पण ज्या मुलखाचं चित्र काढायला आलो तोच मुलूख धूसर करून काय मिळवलं?

एकाच फोकल लेन्थला बांधून घेणं म्हणजे आपणहून पायात बेडी घालणं, असा आक्षेप झूमवाले घेतात. इतिहास त्यांच्या बाजूने नाही. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलिफ्लेक्सवर केवढं काम केलं, आणि त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नसे. त्यांना पर्यायच नव्हता म्हणावं, तर फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्याकडे तो होता. लायकाला अनेक लेन्स मिळत असतानाही १९४७-४८च्या भारतासह बहुतेक काम त्यांनी ५० मिमीवर केलं. ती ५० मोठ्या चौकटीवरची, म्हणजे आपल्या क्रॉप कॅमेऱ्यावरच्या ३५च्या जवळपासची. यामागचं कारण व्यवहाराचं आहे. कोन कायम राहिला की चौकटीत काय येईल हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच कळू लागतं आणि पाय आपोआप योग्य जागी थांबतात. एफ/२.८ची १७-५० झूम हा मधला मार्ग जरूर आहे, लग्नाची कामं घेणाऱ्याला तोच योग्य. पण ती जड असते, महाग असते आणि प्रकाशात एफ/१.८च्या निम्म्याहूनही कमी भरते. राहिला मोबाइल. भर उजेडात तो पुरेसा आहे आणि ज्याला आठवण म्हणून चार चित्रं हवीत त्याने लेन्सच्या फंदात पडूच नये. अंधारात तो अनेक चित्रं एकावर एक रचून उजेड उभा करतो, आणि पाखडणारे हात त्या रचनेत पुसले जातात.

गृहपाठ फुकट आहे. प्रत्येक डिजिटल फोटोत तो कोणत्या फोकल लेन्थला काढला याची नोंद असते. आपली आवडती शंभर चित्रं उघडून आकडे बघावेत. ते १८ आणि ५५ या दोन टोकांनाच साचले असतील तर आपण झूम बघून नव्हे, सवयीने फिरवतो असं समजावं. मग किट लेन्सचं कडं ३५वर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि काही आठवडे तसंच काम करावं. घुसमट झाली तर २४ला हेच करावं. ३५ अरुंद वाटणाऱ्याने ३५ विकत घेऊ नये, इतकं हे सोपं आहे.

मग खरेदी. निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरला २००९ची ३५ मिमी एफ/१.८जी (२०० ग्रॅम), कॅननच्या डीएसएलआरला २४ मिमी एफ/२.८ एसटीएम (१२५ ग्रॅम). मिररलेसवाल्यांना निकॉन झेडची २४ मिमी एफ/१.७ किंवा कॅननची आरएफ २८ मिमी एफ/२.८. एफ/२.८वाल्या लेन्स प्रकाशात मागे पडतात, तेवढी तडजोड कॅननवाल्याला स्वस्ताईसाठी करावी लागते. जुन्या बाजारात, मुंबईच्या बोरा बाजारात किंवा पुण्यात, यांतल्या काही बऱ्याच कमी किमतीत मिळतात, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, आणि डी३००० व डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांतही नसते. तिथे फोकस हातानेच करावा लागेल. दुसरी गोष्ट बुरशी. मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघावं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर विक्रेता कितीही सूट देवो, लेन्स परत ठेवावी, कारण साफ केली तरी काचेवरचा लेप बहुधा खाल्लेला असतो.

मावळात नव्या लेन्सवरही ही बुरशी यायला एक पावसाळा पुरतो. चामडी पिशवी आणि कपड्यांचं कपाट या तिच्या आवडत्या जागा. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, शक्य तर शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा साठच्या वर गेला की पुड्या वाळवायच्या किंवा बदलायच्या. वर सांगितलेल्या स्वस्त लेन्सना पावसापासूनचं पक्कं संरक्षण नसतं, म्हणून पुढे हूड लावावा, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर शक्य तर कुणाची तरी छत्री. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर थंड काचेवर दव धरतं. पिशवी बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. तेवढ्या वेळात पडवीत बसलेल्या माणसांची विचारपूस आणि फोटोची परवानगी, दोन्ही उरकतात.