फुकटच्या गेमची खरी कमाई: 'एम्पायर्स अँड पझल्स'चे खेळाडू काय म्हणतात आणि दुकानदाराने त्यातून काय घ्यावं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'फुकट देऊन पैसे कसे कमावतात' हा विषय घेतला होता. वेळेच्या गणितात एक उदाहरण तिथे दोन मिनिटांत उरकावं लागलं. ते इथे निवांत बघू, कारण नवीन दुकान टाकणाऱ्याला त्यात शिकण्यासारखं बरंच आहे.

उदाहरण आहे 'एम्पायर्स अँड पझल्स' या मोबाईल गेमचं. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिथल्या स्मॉल जायंट गेम्स नावाच्या कंपनीने तो २०१७ मध्ये बाजारात आणला. त्याआधी त्यांनी 'ऑडविंग्ज एस्केप', 'रोप रेसर्स' असे गेम काढले होते, पण मोठं नाव झालं ते याच गेममुळे. डाउनलोड करायला एक रुपया लागत नाही. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या झिंगा कंपनीने स्मॉल जायंटचा ८० टक्के हिस्सा ५६ कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. आता हिशोब मांडा. ८० टक्क्यांचे ५६ कोटी, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत ७० कोटी डॉलर धरली गेली!

हा पैसा आला कुठून? खेळाडूंच्या खिशातून. म्हणूनच खेळाडू काय बोलतात ते ऐकायचं. कंपनी आपल्या मालाबद्दल चांगलंच बोलणार. धंदा कसा चाललाय हे गिऱ्हाईक सांगतं.

आधी गेम समजून घ्या

पडद्यावर रंगीत टाइल्सचा पट असतो. एक टाइल सरकवायची आणि एकाच रंगाच्या तीन ओळीत आणायच्या. याला 'मॅच-थ्री' म्हणतात. 'कँडी क्रश' खेळला असेल तर लगेच कळेल.

पण इथे टाइल फुटली की ती समोरच्या शत्रूवर जाऊन आदळते. तुमच्याकडे पाच हिरोंची टीम असते आणि प्रत्येकाचा एक रंग असतो. लाल रंग हिरव्यावर भारी, हिरवा निळ्यावर, निळा लालवर. पिवळा आणि जांभळा एकमेकांवर भारी. टाइल्स जुळवल्या की त्या रंगाच्या हिरोची ताकद भरते, मग त्याचा खास वार करता येतो. शिवाय हिरोंची पातळी वाढवायची, गावात शेतं आणि खाणी बांधायच्या, ३० जणांपर्यंतच्या 'अलायन्स'मध्ये सामील होऊन 'टायटन' नावाच्या राक्षसाशी लढायचं. कोडं आणि भूमिका घेऊन खेळायचा गेम, दोन्ही एकत्र.

ही कल्पना नवी नव्हती. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचा 'पझल क्वेस्ट' आला होता, तो आधी पैसे देऊन विकत घ्यायचा गेम होता. २०१२ मध्ये जपानच्या गुंगहो कंपनीने 'पझल अँड ड्रॅगन्स' आणला. तो घ्यायला फुकट, पैसे आत गेल्यावर. पुढे या प्रकारात हीच पद्धत रुळली.

मग पैसे कुठे लागतात? मुख्यतः तीन ठिकाणी:

१. हिरो मिळवायला. 'जेम्स' खर्च करून हिरो बोलवायचा. कोणता येईल ते नशिबावर.
२. वेळ वाचवायला. बांधकामाला तासन्‌तास, पुढे तर दिवस लागतात. नकाशावर लढायची 'एनर्जी' दर दहा मिनिटांना एक अशी भरते.
३. पास घ्यायला. ठरावीक दिवसांसाठी ठरलेली रक्कम द्यायची आणि ठरलेले फायदे घ्यायचे. 'व्हीआयपी पास'मध्ये दुसरा बिल्डर मिळतो, त्यामुळे बांधकाम भराभर होतं.

खेळाडू कौतुक कशाचं करतात?

पहिलं कौतुक असतं डोकं वापरायला मिळतं याचं. कोणत्या शत्रूवर कोणते रंग न्यायचे, पाचही हिरो एकाच रंगाचे घ्यायचे की प्रत्येक रंगाचा एकेक, यावर खेळाडू तासभर वाद घालतील. एकच रंग घेतला आणि पटावर तो रंग आला तर मजा, नाही आला तर संपलं.

दुसरं, पैसे न देताही खेळता येतं. संयम असेल तर तीन आणि चार स्टारच्या हिरोंची चांगली टीम उभी राहते, असं जुने खेळाडू नव्यांना आवर्जून सांगतात.

तिसरं कौतुक दुकानदाराने लक्ष देऊन ऐकावं. खेळाडू म्हणतात, गेमचा कंटाळा आला होता, पण अलायन्समधल्या लोकांसाठी थांबलो. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखं आहे हे. तुम्ही आला नाहीत तर कुणीतरी विचारतं, "काय रे, दिसला नाहीस?" टायटन सगळ्यांनी मिळून मारायचा असतो, त्यामुळे एक जण गेला की बाकीच्यांना जाणवतं. माल जुना झाला तरी माणसं माणसांसाठी येत राहतात.

तक्रारी तीन प्रकारच्या असतात

तक्रारी भरपूर आहेत. पण सगळ्या एका मापाने मोजायच्या नाहीत. मी त्यांचे तीन गट करतो.

पहिला गट: "नशीब खराब." पट वाईट आला, हवा तो रंगच पडला नाही. अशी तक्रार करणारा खेळाडू पाच मिनिटांनी पुन्हा खेळायला बसतो. क्रिकेटमध्ये टॉस हरल्यावर जेवढी चिडचिड होते, तेवढीच ही. याने धंदा बुडत नाही.

दुसरा गट: "फार वेळ लागतो, फार महाग आहे." पाच स्टारचा हिरो मिळाला तरी त्याला शेवटच्या टप्प्यावर न्यायला दुर्मिळ साहित्य लागतं आणि ते गोळा होईपर्यंत बरेच दिवस जातात. हिरो मिळाला आणि नुसता बसून राहिला! ही तक्रार मोठी आहे, पण इथे एक गंमत बघा. हेच खेळाडू 'व्हीआयपी पास'ला मात्र "पैसे वसूल" म्हणतात. का? कारण त्यात काय मिळणार ते आधी कळतं. किती दिवस, किती फायदा, सगळं समोर. म्हणजे गिऱ्हाईक खर्चाला घाबरत नाही. काय मिळेल याचा पत्ता नसताना पैसे मोजायला घाबरतं.

तिसरा गट: "काल घेतलेलं आज कवडीमोल झालं." ही सगळ्यात जड तक्रार. नवे हिरो येत राहतात आणि जुन्यांपेक्षा ताकदवान असतात. खेळाडूंच्या भाषेत याला 'पॉवर क्रीप' म्हणतात. महिनोन्‌महिने साहित्य जमवून एक हिरो तयार करावा आणि तोपर्यंत त्याच्यापेक्षा भारी हिरो विक्रीला यावा. पहिले दोन गट बडबड करतात आणि राहतात. तिसऱ्या गटातला माणूस बरेचदा बडबड न करता निघून जातो.

कंपनीला हे कळत नाही असं नाही. जुन्या हिरोंना नवी ताकद देणारे 'कॉस्च्युम' आले, त्यांची मर्यादा वाढवणारा 'लिमिट ब्रेक' आला, आणि जुने हिरो देऊन त्या बदल्यात नवा घ्यायची 'सोल एक्स्चेंज' सोयही आली. आपल्याकडे मिक्सर, टीव्हीची एक्स्चेंज ऑफर असते ना, तोच विचार. आधी दिलेले पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे.

एक टक्क्याचा हिशोब

'नशिबाने हिरो' म्हणजे नेमकं काय, ते आकड्यात बघू. समजा, हवा तो हिरो मिळायची शक्यता १ टक्का आहे. बहुतेकांना वाटतं, शंभर वेळा प्रयत्न केला की एकदा मिळणारच. असं होत नाही. प्रत्येक प्रयत्न पहिल्यापासून सुरू होतो. शंभर प्रयत्नांनंतरही हात रिकामा राहण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के असते. दहाच प्रयत्न केलेत तर ९० टक्के शक्यता काहीच न मिळण्याची.

ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये नियम केला की, अशी नशिबाची पेटी विकणाऱ्या ॲपने कोणती गोष्ट मिळायची किती शक्यता आहे ते खरेदीआधी दाखवायलाच हवं. पण आकडा दाखवला म्हणजे तो समजला असं नाही.

माझ्या दुकानात मोबाईलचं सामान आणि रिचार्ज दोन्ही मिळतं. अशाच एका गेमसाठी पगार झाला की कोड घ्यायला येणारा एक तरुण आहे. एकदा मी त्याला कॅल्क्युलेटरवर हाच हिशोब करून दाखवला. तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, मला वाटलं आता जवळ आलोय." ते 'आता जवळ आलोय' वाटणं हाच विक्रीचा माल आहे. तुमच्यापैकी कुणी असे गेम खेळत असाल आणि धंद्यासाठी भांडवल जमवत असाल, तर मागच्या सहा महिन्यांत गेमवर किती गेले ते आज मोजा. गेम खेळू नका असं मी म्हणत नाही. सिनेमाला ठेवतो तसा महिन्याचा आकडा आधी ठरवा, आणि तो कॅश बॉक्समधून काढू नका.

फुकट खेळणाऱ्याचं काय?

गेमच्या धंद्यात भरपूर खर्च करणाऱ्याला 'व्हेल' म्हणतात. कमाईचा मोठा भाग अशा थोड्या लोकांकडून येतो. मग बाकीचे ओझंच झाले का? अजिबात नाही. ३० जणांची अलायन्स भरायला माणसं लागतात. भारी हिरो घेतला तर तो दाखवायला आणि हरवायला समोर कुणीतरी लागतं. फुकट खेळणारा गेला की पैसे देणाऱ्याची मजाही जाते.

तुमच्या दुकानात नुसतं बघून जाणारा, पाच रुपयांचं पेन घेणारा, झेरॉक्स काढून जाणारा, याला तुच्छ समजू नका. दुकानात वर्दळ त्याच्यामुळे दिसते, आणि शेजाऱ्याला तुमचं नाव तोच सांगतो.

यातून काय घ्यायचं, काय सोडायचं

घ्या: ठरलेला फायदा देणारी योजना. 'दहा वेळा चहा प्या, अकरावा आमच्याकडून' हे कार्ड म्हणजे तुमचा पास. गिऱ्हाइकाला कुठवर आलो ते दिसतं, आणि शेवटी नक्की मिळतं.

घ्या: ओळखीची माणसं. शिवणकामाचं सामान विकत असाल तर महिन्यातून एकदा दुकानातच दहा बायकांना एकत्र बसवा. एकमेकींसाठी त्या पुन्हा येतील.

घ्या: जुन्या गिऱ्हाइकाचा मान. नवीन माणसाला उघडणीची सूट दिलीत आणि तीच वस्तू जुन्या गिऱ्हाइकाने कालच पूर्ण किमतीत नेली असेल, तर तो तिसऱ्या गटात गेला समजा. मोठी ऑफर काढण्याआधी नेहमीच्या लोकांना दोन दिवस आधी सांगा. एवढ्याने काम होतं.

सोडा: नशिबाची सोडत. दिवाळीला 'खरेदी करा, कुपन घ्या, स्कूटर जिंका' लावायचा मोह होतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित व्यापार प्रथा' म्हणजे काय ते दिलंय. विक्री वाढवण्यासाठी लॉटरी किंवा नशिबाचा खेळ चालवणं त्यात येतं, नियमांनी सूट दिलेले प्रकार सोडून. वस्तूच्या किमतीतच पैसे लावून 'फुकट' म्हणणंही त्यातच येतं. त्यामुळे सगळे करतात म्हणून करू नका, आधी वकिलाला विचारा.

सोडा: अर्धवट जाहिरात. 'पझल अँड ड्रॅगन्स' जपानमध्ये प्रचंड चाललेला गेम. तरीही २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार खात्याने गुंगहो कंपनीवर कारवाई केली. जाहिरातीवरून वाटत होतं की त्यातली सगळी पात्रं पुढे वरच्या दर्जाची होणार, प्रत्यक्षात ते काहींनाच लागू होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला सुटका नाही, तर 'अटी लागू' बारीक अक्षरात लिहून आपली कशी होईल?

या आठवड्याचं काम

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: नशीब, वेळ-पैसा, विश्वास. दुकान सुरू असेल तर सात दिवस येणारी प्रत्येक तक्रार योग्य रकान्यात लिहा. अजून सुरू केलं नसेल तर तुमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एखाद्या दुकानाबाहेर पडणाऱ्या लोकांचं बोलणं ऐका.

पहिल्या रकान्याला हसून उत्तर द्या. दुसऱ्यासाठी महिनाभरात काही सोय करा. तिसऱ्या रकान्यात एकच ओळ आली तरी त्याच दिवशी त्या गिऱ्हाइकाला फोन लावा, उद्यावर ढकलू नका.

पुढच्या व्हिडिओत असं दहा खान्यांचं कार्ड कमी खर्चात कसं छापायचं आणि त्याचा हिशोब कसा ठेवायचा ते दाखवतो. तोपर्यंत वही सुरू करा. भेटू!