ॲना मेली पाहिजे की जगली?

1927 साली एमजीएम या चित्रपट कंपनीने अमेरिकेतल्या थिएटरमालकांपुढे एक सोय ठेवली होती. टॉलस्टॉयच्या ॲना कॅरेनिनाने शेवटी गाडीखाली जीव द्यावा की प्रियकराच्या मिठीत सुखाने विसावावं, हे ज्याने त्याने आपलं गिऱ्हाईक बघून ठरवावं. दोन्ही शेवट चित्रित करून तयार होते. गोड शेवटात नवरा कॅरेनिन मरतो, तीन वर्षं जातात आणि ॲना व तिचा प्रियकर व्रॉन्स्की पुन्हा भेटतात. चित्रपटाचं नाव ‘लव्ह’. ते कादंबरीत कुठे नाही, पण ग्रेटा गार्बो आणि जॉन गिल्बर्ट यांचं पडद्याबाहेरचं प्रकरण तेव्हा गाजत होतं. जाहिरातीत ‘गार्बो अँड गिल्बर्ट इन लव्ह’ असं छापता आलं की आणखी काय हवं?

आज या प्रकाराला हसणं सोपं आहे. मला मात्र आठ वर्षांनी त्याच कंपनीने, त्याच गार्बोला घेऊन केलेला बोलपट जास्त विचार करायला लावतो. 1935चा हा ‘ॲना कॅरेनिना’ डेव्हिड सेल्झनिकने निर्माण केला, क्लॅरेन्स ब्राउनने दिग्दर्शित केला. या वेळी शेवट एकच, टॉलस्टॉयचा. म्हणजे हॉलिवूड साहित्याशी इमान राखायला शिकलं म्हणावं, तर तसंही नाही.

मधल्या काळात, 1934च्या मध्यापासून, जोसेफ ब्रीनच्या कचेरीने सिनेमावरची नैतिक आचारसंहिता कडक केली होती. व्यभिचार मोहक दिसता कामा नये आणि पाप केलेल्याला त्याचं फळ मिळालंच पाहिजे, हा दंडक. गाडीखाली जाणारी ॲना या चौकटीत अगदी फिट बसत होती. कंपनीला जो शेवट एकदा गल्ल्याच्या आड येणारा वाटला होता, तोच आता सेन्सॉरला हवा होता.

खरी कात्री चालली ती वेगळ्याच जागी. ॲनाला व्रॉन्स्कीपासून झालेली मुलगी पटकथेतून गेली. विवाहबाह्य मूल पडद्यावर चालणार नव्हतं. एक तान्हं मूल वगळलं तर काय बिघडलं, असं वाटेल. पण मूल नाही म्हणून बाळंतपण नाही, बाळंतपण नाही म्हणून तो जीवघेणा ताप नाही, आणि मग त्या बिछान्यापाशी कॅरेनिन बायकोला क्षमा करतो, तिच्या प्रियकरालाही क्षमा करतो, तो प्रसंगही नाही. कादंबरीतला हा बोटं मोडत बसणारा, कानांवरून बायकोलाही नकोसा झालेला सरकारी अधिकारी तिथे एकदम मोठा होतो, आणि वाचकाला बाजू घेणं अवघड होऊन बसतं. पडद्यावर बॅसिल रॅथबोनच्या वाट्याला उरतो तो नुसता थंड, खडूस नवरा. नीतीच्या रखवालदारांनी कथेतला सर्वांत नैतिक क्षणच कापला, याची त्यांना कल्पनाही नसावी.

गार्बो मात्र गार्बोच. पहिल्यांदा दिसते ती मॉस्को स्टेशनवर, इंजिनाच्या वाफेतून हळूहळू उमटणारा चेहरा. पुढे कॅरेनिनकडे राहिलेल्या मुलाला भेटायला चोरून घरी येते तेव्हा तिच्या स्पर्शात जी ओढ आहे, ती फ्रेडरिक मार्चच्या व्रॉन्स्कीबरोबर कधीच दिसत नाही. शेवटी कॅमेरामन विल्यम डॅनियल्स धावत्या गाडीच्या उजेडाचे पट्टे तिच्या चेहऱ्यावरून सरकवत नेतो. दृश्य देखणंच आहे. टॉलस्टॉय तिथे इतका देखणा नाही. त्याची ॲना हातातली लाल पिशवी काढायच्या गडबडीत पहिला डबा चुकवते, दुसऱ्या डब्याची वाट बघते, सवयीने छातीवर क्रूस करते, आणि गुडघ्यांवर पडल्यावर एकदम भानावर येऊन उठायला जाते. हे त्याला उगाच सुचलं नव्हतं. 1872च्या जानेवारीत टॉलस्टॉयच्या यास्नाया पोल्याना या गावाजवळच्या यासेन्की स्टेशनावर ॲना पिरोगोवा नावाच्या बाईने मालगाडीखाली जीव दिला होता. शेजारच्या जमीनदाराची ती रखेल. तिचं छिन्नविच्छिन्न शरीर टॉलस्टॉयने स्वतः जाऊन पाहिलं होतं.

आणि लेव्हिन? कादंबरीचा जवळजवळ अर्धा भाग त्याचा: शेती, गवतकापणी, लग्न, भावाचं मरण, देव आहे की नाही ही तगमग. दीड तासाच्या चित्रपटात तो तोंडी लावण्यापुरता आहे. ॲनाच्या मृत्यूनंतरचा अख्खा आठवा भाग, जिथे लेव्हिनला आपल्यापुरतं उत्तर सापडतं, तो तर नाहीच.

यासाठी एकट्या हॉलिवूडला धारेवर धरणं मात्र बरोबर नाही. ही कादंबरी 1875पासून ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात क्रमशः येत होती. 1877मध्ये आठवा भाग हाती आला तेव्हा संपादक कात्कोव बिथरला, कारण सर्बियाच्या लढाईला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांची टॉलस्टॉयने त्यात खिल्ली उडवली होती. त्याने तो छापलाच नाही. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी खरं तर संपलीच आहे, अशी एक टीप टाकली आणि उरलेला मजकूर दोन-चार ओळींत उरकला. टॉलस्टॉयने संतापून तो भाग स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढला.