महानायकांचे चित्रपट : वास्तव आणि अद्भुत

१९४८ साली अमेरिकेत 'सुपरमॅन' या नावाचा पंधरा भागांचा कृष्णधवल मालिकापट प्रदर्शित झाला. कर्क अ‍ॅलिन या नटाने त्यात नायकाची भूमिका केली होती. तो धावत येई, झेप घेण्याच्या पवित्र्यात उभा राही, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या जागी हाताने रेखाटलेली आकृती आकाशात उडताना दिसे. पाय जमिनीला टेकण्याची वेळ आली की पुन्हा हाडामांसाचा नट अवतरे. मालिकापट लोकप्रिय झाला. तथापि माणसाचे जेथे चित्र होते, तो सांधा प्रेक्षकांच्या नजरेतून सुटण्याजोगा नव्हता.

चित्रकथेवरून चित्रपट करण्यातील मूळ अडचण त्या सांध्यातच आहे. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, तेव्हा तो उडतही नव्हता. केवळ प्रचंड लांब उड्या मारत असे. पुढे तो उडू लागला आणि वाचकांनी ते सहज मान्य केले. कागदावर सारेच रेषांचे असते. इमारत, मोटार, रस्त्यावरचा पोलीस आणि आकाशातील नायक एकाच शाईने काढलेले असल्यामुळे त्यांपैकी एक संभवनीय व दुसरे असंभवनीय, असा भेद डोळा करीत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र रस्ता खरा असतो, माणूस खरा असतो, त्याच्या वस्त्राला पडणाऱ्या सुरकुत्याही खऱ्या असतात. त्यांच्या शेजारी ठेवलेली अशक्य गोष्ट एकदम उपरी दिसू लागते. २००० सालच्या 'एक्स-मेन' या चित्रपटात चित्रकथेतील भडक, अंगाला चिकटलेले पोशाख टाकून सर्व नायकांना काळे चामडी पोशाख देण्यात आले, ते बहुधा याच संकोचापोटी. चित्रपटातील एक पात्र पिवळ्या पोशाखाची थट्टाही करते!

हा सांधा बुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी १९७८ सालच्या 'सुपरमॅन' या चित्रपटात केला. त्यांनी आपल्या कामासाठी जो शब्द घोषवाक्यासारखा वापरला, त्याला मराठीत 'सत्याभास' हा प्रतिशब्द योग्य ठरेल. सत्य आणि सत्याभास यांत फरक आहे. माणूस उडत नाही, हे सत्य. माणूस उडत असता तर तो असाच उडाला असता, असे वाटणे हा सत्याभास. झोरान पेरिसिच यांनी त्यासाठी एक युक्ती योजली. नटाच्या मागील पडद्यावर दृश्य फेकणारा प्रक्षेपक आणि नटाचे चित्रण करणारा कॅमेरा या दोहोंना आकार लहानमोठा दाखवणारी भिंगे बसवून ती एकाच वेळी फिरवली जात. त्यामुळे पार्श्वभूमी स्थिर राही आणि जागच्या जागी टांगलेला क्रिस्टोफर रीव्ह हा नट मात्र जवळ येताना किंवा दूर जाताना भासे.

परंतु या चित्रपटाची पकड केवळ युक्तीवर अवलंबून नाही. त्याचा बराच मोठा भाग शेतावरील घर, पालनकर्ते आईवडील आणि आपले सामर्थ्य लपवावे लागणारा मुलगा यांवर खर्च झाला आहे. एके दिवशी त्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो व ते अंगणात कोसळतात. ज्या मुलाला आगगाडीपेक्षा वेगाने धावता येते, त्याला वडिलांच्या मृत्यूपुढे काहीच करता येत नाही. सामर्थ्याची ही सीमा दाखवल्यामुळेच पुढील उड्डाण खरे वाटते.

आणि म्हणूनच या चित्रपटाचा शेवट खटकतो. भूकंपात मोटारीसह गाडली गेलेली लोइस लेन मरण पावते. शोकाने बेभान झालेला नायक पृथ्वीभोवती इतक्या वेगाने प्रदक्षिणा घालतो की काळ उलटा फिरतो आणि ती जिवंत होते. पृथ्वीभोवती कोणी उडणे आणि काळ मागे फिरणे या दोन्ही गोष्टी सारख्याच अशक्य आहेत. मग पहिली मान्य करणारा प्रेक्षक दुसरीपाशी का अडतो? पहिली गोष्ट कथेच्या आरंभीच अट म्हणून सांगितली होती. दुसरी अडचणीच्या वेळी अचानक पुढे करण्यात आली. शिवाय तिने वडिलांच्या मृत्यूचा अर्थच पुसून टाकला. काळ फिरवता येत असेल, तर त्या अंगणातील असहायता कशासाठी होती? वास्तव आणि अद्भुत यांच्यातील खरा तंटा येथे आहे. अशक्य घटना दाखवल्याने कथा खोटी ठरत नाही. स्वतःच घालून दिलेला नियम तिने सोयीसाठी मोडला, की ती खोटी ठरते.

भारतीय काव्यशास्त्राला हा विचार परका नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा स्वतंत्र रस मानला असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला आहे. अद्भुत म्हणजे वास्तवाची उणीव, असे तेथे कोणी मानले नाही.

बॅटमॅन या नायकाबाबत प्रश्न वेगळा आहे. १९३९ मध्ये चित्रकथेत आलेल्या या पात्रापाशी कोणतीही दैवी शक्ती नाही. अपार संपत्ती, कठोर व्यायाम आणि लहानपणी डोळ्यांदेखत झालेली आईवडिलांची हत्या, एवढेच त्याचे भांडवल. १९८९ मध्ये टिम बर्टन यांनी त्याच्यासाठी इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत एक काळोखे, दुःस्वप्नासारखे शहर उभारले. ते शहर कोठेच नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या दृश्यातच कळते आणि तो त्या शहराचे कायदे स्वीकारतो. १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये शहर तितकेच काल्पनिक, किंबहुना अधिक झगमगीत होते. पण तेथे कोणालाच कशाची झळ लागत नव्हती. त्या चित्रपटानंतर ही मालिका थांबली.

ख्रिस्टोफर नोलन यांनी २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'पासून उलट मार्ग धरला. प्रत्येक अद्भुत वस्तूला कारण द्यायचे, हा त्यांचा परिपाठ. वटवाघळाच्या पंखांसारखा अंगरखा का पसरतो? त्या कापडातून विजेचा प्रवाह गेला की ते ताठ होते म्हणून. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये शिकागोच्या रस्त्यावर भला मोठा मालट्रक खरोखरच टोकावर उभा करून उलथवला गेला. रुग्णालय कोसळण्याच्या प्रसंगासाठी पाडावयाची एक खरी इमारत वापरली गेली. हे पाहून अनेकांनी या चित्रपटांना 'वास्तववादी' म्हटले. वस्तुतः ते वास्तववादी दिसतात, इतकेच म्हणणे रास्त होईल. पहिल्या चित्रपटातील यंत्र दूर अंतरावरून शहराच्या नळांतील पाण्याची वाफ करते. माणसाच्या शरीरातही निम्म्याहून अधिक पाणीच असते, याचा मात्र त्या यंत्राला सोयीस्कर विसर पडतो.

दुसऱ्या चित्रपटात याहूनही अशक्य असे एक यंत्र आहे. शहरातील प्रत्येक मोबाइल फोनच्या आधारे नायक सर्वांचे बोलणे ऐकू शकतो, एवढेच नव्हे तर त्यांच्या भोवतालचे दृश्यही पाहू शकतो. तरीही प्रेक्षक येथे हसत नाही. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेत सुरक्षिततेसाठी नागरिकांच्या संभाषणांवर पाळत ठेवावी काय, हा वाद पेटला होता. नायकाचा विश्वासू सहकारी लुशियस फॉक्स ते यंत्र पाहून अस्वस्थ होतो. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती असणे चूक आहे, असे बजावतो आणि हे यंत्र राहणार असेल तर आपण राहणार नाही, असे सांगतो. अखेरीस यंत्र नष्ट केले जाते. वाफेच्या यंत्राची कोणी किंमत मोजली नाही; या यंत्राची किंमत मोजली गेली, आणि ती मोजताना खरा प्रश्न विचारला गेला.

कारणमीमांसेचा आग्रह कधीकधी मजेदार वळणे घेतो. १९६२ मध्ये स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅनची कथा लिहिली व चितारली, तेव्हा नायकाला चावणारा कोळी किरणोत्सर्गी होता. अणुयुगाची ती भीती होती. २००२ साली सॅम रायमी यांच्या चित्रपटात तो कोळी जनुकांत फेरफार करून प्रयोगशाळेत तयार केलेला आहे. चित्रकथेतील शाळकरी पीटर पार्कर कोळ्याच्या जाळ्यासाठी चिकट द्रव आणि तो फेकणारे यंत्र स्वतः बनवतो. चित्रपटात मात्र जाळे थेट त्याच्या मनगटातून निघते. गरीब घरातील मुलाने घरबसल्या असा शोध लावणे पटणार नाही, पण मनगटातून तंतू निघणे पटेल, असा हा तर्क! मूळ कथेच्या चाहत्यांनी त्यावर बराच वाद घातला; कारण त्या यंत्राबरोबर मुलाची हुशारीही वजा झाली होती. २०१२ व त्यानंतरच्या चित्रपटांत यंत्र परत आणण्यात आले.

रायमी यांचे खरे यश मनगटापाशी नाही. २००४ च्या 'स्पायडरमॅन २' मध्ये पीटर घरोघर पिझ्झा पोहोचवतो, उशीर झाल्यामुळे नोकरी गमावतो, घरभाडे थकवतो, महाविद्यालयात तास बुडवतो. काम आणि शिक्षण एकाच वेळी सांभाळणाऱ्या कोणाही व्यक्तीला या धावपळीची ओळख पटेल. याच चित्रपटात भरधाव निघालेली आगगाडी तो आपल्या जाळ्यांनी थांबवतो. ताण असह्य होऊन तो शुद्ध हरपून पडू लागतो, तेव्हा प्रवासी त्याला आत ओढून घेतात आणि डोक्यावरून हातोहात नेऊन डब्यात निजवतात. मुखवटा त्याने आधीच काढलेला असतो. हा तर आपल्या मुलाएवढाच आहे, हे एकाच्या लक्षात येते. डब्यातील दोन मुले त्याचा मुखवटा परत आणून देतात आणि कोणाला काही सांगणार नाही, असे वचन देतात.