जुन्या गाडीला नवं इंजिन बसवताय? आधी हे वाचा

चिंचपाड्यात अंगणात उभ्या असलेल्या जुन्या जीपला नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स घरच्या घरी बसवताही येईल. पण पाना हाती घेण्याआधी नंदुरबार आरटीओची (एमएच-३९) परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ नुसार प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर दुसरा पेच. २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. त्यासाठी शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि रोजच्या वापराला मनाई. इंजिन बदललं की हा मान गेला. म्हणून जुनं इंजिन दुरुस्त होत असेल, तर तेच आधी करून पाहा.