ढग, डाळिंब आणि उतारा : सोलापुरातून विज्ञानाकडे जाणाऱ्या वाटा

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात दोन विमाने ढगांच्या मागावर होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचा, म्हणजे 'आयआयटीएम'चा, तो 'कायपीक्स' प्रयोग. एक विमान ढगाच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवी, दुसरे ढगात शिरून मोजमाप करी, आणि जमिनीवरून रडार त्याच ढगावर लक्ष ठेवून असे. प्रयोगासाठी आपलाच जिल्हा का, हे सोलापूरकराला सांगायला नको. पर्जन्यछायेतला हा भाग. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. आभाळ भरून येते आणि तसेच पुढे निघून जाते.

या प्रयोगातले रसायनशास्त्र सोपे आहे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तसे कॅल्शियम क्लोराइडचे सूक्ष्म कण हवेतली वाफ ओढून घेतात. मोठे थेंब तयार होतात, ते लहान थेंबांना गिळत वाढतात आणि जड होऊन खाली येतात. अवघड भाग पुढे आहे आणि तो गणिताचा आहे. ढगात हे कण सोडले, म्हणजे बीजरोपण केले, आणि पाऊस पडला, पण तो तसाही पडला असता तर? एकाच ढगावर 'केले' आणि 'नाही केले' असे दोन्ही प्रयोग करता येत नाहीत. म्हणून कोणत्या ढगात बीज टाकायचे आणि कोणता ढग तसाच सोडायचा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवावे लागते. निवड माणसाच्या मर्जीवर सोडली, तर तो नकळत काळेभोर, आधीच बरसायला आलेले ढग निवडतो आणि श्रेय मात्र बीजाला जाते. अशा २७६ ढगांचा अभ्यास झाला. वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला, असा निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकन मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सोलापूरच्या कॉलेजांत संख्याशास्त्र घेतलेली मुले 'डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' नावाचा विषय शिकतात. त्यात रँडमायझेशन असते, तुलनेसाठी वेगळा ठेवलेला गट असतो. परीक्षेला पाच गुणांची टीप म्हणून ते पाठ होते. तेच सूत्र आपल्या डोक्यावर विमानातून राबवले जात होते, ही गोष्ट वर्गात सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते. गणित-विज्ञान शिकून पुढे काय, असे मुले विचारतात तेव्हा आपण त्यांच्यासमोर नोकऱ्यांची यादी धरतो. हे शास्त्र कुठे आणि कशासाठी वापरले जाते, हे आधी दिसायला हवे. ते पाहायला फार लांब जावे लागत नाही.

पुणे रस्त्याला केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते २००५ मध्ये सुरू केले. 'सोलापूर लाल' हे लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेले वाण याच केंद्राचे. बागायतदाराची झोप उडवणारे दोन रोग म्हणजे तेल्या आणि मर. तेल्या जिवाणूमुळे होतो, मर मुख्यतः बुरशीमुळे. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा जिवंत विषय कुठे मिळेल? एम.एस्सी.चा प्रकल्प इथे करता येईल का, हे मार्गदर्शकाचे पत्र घेऊन रीतसर विचारावे. केगावातच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एकट्या सोलापूर जिल्ह्यापुरते आहे, आणि त्याचा एक फायदा आहे: विभागप्रमुखाला भेटायला मुक्काम करावा लागत नाही.

कोरडवाहू शेतीचे संशोधन तर सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. त्या काळच्या मुंबई प्रांतात ना. वि. कानिटकरांनी या कामाचा पाया घातला. त्यांचा 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हा ग्रंथ १९४४ चा. मातीतली ओल, बाष्पीभवन, पेरणीची वेळ यांची इथे पिढ्यान्‌पिढ्या मोजमापे झाली आहेत. पावसाच्या जुन्या आकड्यांवर आज संगणकाने नव्याने काम करता येते, आणि त्यासाठी विमान लागत नाही. दैनंदिन पर्जन्यनोंदी, थोडे पायथन किंवा आर, आणि मूळ प्रश्न नीट मांडता येणे एवढ्यावर बी.एस्सी.चा विद्यार्थी सुरुवात करू शकतो. मृग कोरडा गेला तर पुढच्या नक्षत्रांत काय होते? दोन पावसांमधला खंड वाढत चालला आहे का? असा एक प्रश्न घेऊन महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेत उतरावे. कॉलेज, विद्यापीठ आणि मग राज्य अशा पायऱ्यांनी ती होते. बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकासमोर उभे राहून 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' या प्रश्नाला उत्तर देण्याचा सराव होतो.

रसायनशास्त्राच्या मुलांसाठी जिल्हा फार श्रीमंत आहे. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूरचे नाव राज्यात अग्रभागी घेतले जाते. गळीत हंगाम सुरू झाला की प्रत्येक कारखान्याची प्रयोगशाळा तिन्ही पाळ्यांत चालते. रसाचा ब्रिक्स, पोल, मळीतली उरलेली साखर, बगॅसमधला ओलावा. लॅब केमिस्ट तासातासाला नोंदी करतो आणि त्यावरून उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, ठरतो. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे केमिस्टच्या हातातल्या पोलॅरिमीटरचा आकडा शेवटी शेतकऱ्याच्या बिलात उतरतो. एका मोजमापाला एवढे वजन असलेली प्रयोगशाळा विद्यार्थ्याने एकदा तरी आतून पाहावी. पुढे जायचे असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदवीनंतरचे अभ्यासक्रम तिथे चालतात.

चिंचोळी एमआयडीसीतले रासायनिक आणि औषधी कारखाने वेगळ्या प्रकारची वाट दाखवतात. बालाजी अमाइन्स आणि स्मृती ऑरगॅनिक्स ही सोलापूरची नावे देशभरच्या रसायन-औषध उद्योगाला परिचित आहेत. इथे क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ आणि एचपीएलसी ही यंत्रे रोजच्या वापरात असतात. चादरी-टॉवेलच्या धंद्यात रंगाची छटा जुळवणे आणि डाइंगचे सांडपाणी तपासणे हेही रसायनशास्त्रच. नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'ओजेटी', म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, अभ्यासक्रमातच आले आहे. ते अशा ठिकाणी करावे. पैसे भरा आणि घरबसल्या प्रमाणपत्र घ्या, असे सांगणारी दुकाने सध्या मोबाइलवर खूप उघडली आहेत. तिथे गेलेला पैसा आणि महिना दोन्ही वाया जातात, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न विचारला जातो की तू स्वतः काय केलेस.

आता सोलापूरबाहेर. देशात अशा काही योजना आहेत की ज्यांत विद्यार्थ्याकडून फी घेतली जात नाही, उलट त्याला राहायची सोय, प्रवासभाडे किंवा विद्यावेतन मिळते. भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून 'समर रिसर्च फेलोशिप' चालवतात. निवड झालेला विद्यार्थी उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'नियस' ही योजना २००४ पासून आहे आणि ती मुद्दाम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था उन्हाळी विद्यार्थी घेते. खगोलशास्त्राची ओढ असेल तर पुण्यात आयुका आणि एनसीआरए या संशोधन संस्था आहेत. दोघांचा मिळून हिवाळ्यात रेडिओ खगोलशास्त्राचा वर्ग भरतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वांना पाहता येते. कॉलेजच्या सहलीसाठी याहून चांगले ठिकाण मला माहीत नाही.

गणिताच्या विद्यार्थ्यासाठी एका नावावर थोडे थांबले पाहिजे: एमटीटीएस. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पाठबळावर हे उन्हाळी प्रशिक्षण सुरू केले. साधारण चार आठवडे, देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर. तिथे फळ्यावरून वहीत उतरवून घ्यायचे नसते. शिक्षक विचारतात: ही व्याख्या अशीच का? हा शब्द काढला तर काय बिघडेल? एखादे उदाहरण दे. आता जिथे हे खोटे ठरते असे उदाहरण दे. पाठांतरावर पहिला वर्ग मिळवलेल्या मुलाची सुरुवातीला तारांबळ उडते. सिक्वेन्सची व्याख्या येते, पण अभिसारी नसलेली बद्ध सिक्वेन्स सांगता येत नाही. महिन्याभरात तो स्वतः प्रश्न विचारू लागतो. आपल्याकडच्या वर्गात सत्तर-ऐंशी मुले, विद्यापीठाचे वेळापत्रक आणि गाइडे यांच्यामध्ये गणिताची ही बाजू दबून जाते. मूल हुशार असूनही त्याला आपण हुशार आहोत हे कळत नाही. एमटीटीएस ते दाखवून देते. याच जातकुळीची माधव गणित स्पर्धा पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या पुढाकाराने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी होते.  माधवच्या जुन्या प्रश्नपत्रिका चार मित्रांनी बसून सोडवल्या, तरी एका सत्राचे शिक्षण होते.

पदवीनंतर आयआयटीत एम.एस्सी.ला जायचे तर 'जॅम', संशोधनाला किंवा प्राध्यापकीला 'नेट', ही नावे बहुतेकांना ठाऊक असतात. कमी ठाऊक असलेली एक गोष्ट अशी, की पदवीला संख्याशास्त्र असलेला विद्यार्थी यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसू शकतो. विमा क्षेत्रातल्या अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षांकडेही आपल्या मुलांचे लक्ष क्वचित जाते.

मग सोलापूरची मुले या ठिकाणी एवढी थोडी का दिसतात? बुद्धी कमी नाही. माझ्या मते मुख्य कारण एकच आहे: माहिती उशिरा पोचते. उन्हाळ्यातल्या योजनेची चौकशी मुले वार्षिक परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये करतात. तोवर निवड होऊन याद्या लागलेल्या असतात. जॅमचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावे लागतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. अकादमींच्या फेलोशिपचे अर्ज दिवाळीच्या मागेपुढे घेतले जातात, माधव स्पर्धा जानेवारीच्या सुमारास होते, एमटीटीएस आणि टाटा संस्थेचे अर्ज हिवाळ्यात येतात. नेमक्या तारखा दर वर्षी थोड्या हलतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. पण हा दिवाळी अंक हातात असतानाचेच हे दिवस आहेत. दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार या अर्जांसाठी काढावी.

अर्जात दोन गोष्टींवर मुले अडतात. पहिली, 'तुम्हाला हे का करायचे आहे' या प्रश्नाचे उत्तर. 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' असे हजारजण लिहितात. त्याऐवजी वाचलेल्या एका प्रकरणाबद्दल, न सुटलेल्या एका प्रश्नाबद्दल, घरच्या डाळिंबाच्या बागेत पाहिलेल्या तेल्याबद्दल लिहावे. इंग्रजी साधे असले तरी चालते. सांगण्यासारखे काही हवे. दुसरी, शिफारसपत्र. सरांकडे शेवटच्या दिवशी धावत जाऊन ते मिळते, पण त्यात 'विद्यार्थी मेहनती आहे' याखेरीज काही नसते. पंधरा दिवस आधी जावे, आपण काय काय केले ते एका कागदावर लिहून द्यावे. शास्त्रज्ञाला थेट ईमेल करायचा असेल तर एकच मजकूर चाळीसजणांना पाठवू नये. त्यांचा एखादा शोधनिबंध निम्मा जरी समजला, तरी त्यातला एक खरा प्रश्न विचारावा. उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि दुसऱ्याला लिहावे.

घरचा प्रश्न वेगळा, आणि तो मुलींच्या बाबतीत जास्त कठीण. सोलापूर शहराच्या पूर्व भागात आई विड्या वळते, वडील लूमवर आहेत, मुलगी बी.एस्सी.ला पहिली आली आहे, आणि दोन महिने मुंबईला एकटी जाणार म्हटल्यावर घर गप्प होते. ही काळजी खोटी नाही. पालकांना निवडपत्र मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये समजावून सांगावे. वसतिगृह संस्थेच्या आवारात आहे का हे विचारून घ्यावे. शक्य असेल तर कॉलेजमधल्या मॅडमनी घरी जावे. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून पुण्याला पोचता येते, सिद्धेश्वरने रात्री निघून सकाळी मुंबईला. पहिल्या खेपेला वडिलांनी सोबत यावे, जागा डोळ्यांनी पाहावी. पैशांसाठीही सोयी आहेत. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी.साठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांसाठी 'इन्स्पायर' योजनेतून वर्षाला ८०,००० रुपये ठरवले गेले, आणि त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी राखलेले आहेत. म्हणजे प्रकल्प करावा असे योजनेलाच अपेक्षित आहे.

अकादमींची उन्हाळी फेलोशिप शिक्षकांनाही मिळते, हे फारसे बोलले जात नाही. दयानंद, संगमेश्वर, वालचंद या जुन्या महाविद्यालयांपासून पंढरपूर, बार्शी, अकलूज, मंगळवेढ्याच्या कॉलेजांपर्यंत प्रत्येक ठिकाणच्या एकेका प्राध्यापकाने दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काढले, तर परत आल्यावर त्यांच्या वर्गातल्या मुलांना कोणाला लिहायचे, काय विचारायचे आणि कधी अर्ज करायचा हे वेगळे शोधावे लागणार नाही. या दिवाळीत अर्ज भरायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या शेजारी त्याचे सर किंवा मॅडमही आपला स्वतःचा अर्ज घेऊन बसावेत, अशी माझी त्यांना विनंती आहे.