मित्राने कापलेली पाने

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मागे आपल्या अंकासाठी मी एक कथा लिहिली आणि पाठवण्याआधी मंडळातल्याच एका मित्राला वाचायला दिली. तोही लिहितो. त्याने पहिल्या दोन पानांवर तिरकी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "कथा इथून पुढे सुरू होते." मी निमूटपणे दोन्ही पानं काढली. कथा छापून आली, लोकांना आवडली. आणि त्यानंतर वर्षभर मी त्याच्याशी धड बोललो नाही! गणपतीच्या जेवणात त्याच्या पानात श्रीखंड वाढलं, तेवढाच काय तो संबंध.

या अबोल्याच्या काळातच १९२० नंतर पॅरिसमध्ये राहिलेल्या अमेरिकन लेखकांविषयी वाचत होतो. वाचता वाचता ओशाळलो. ही तर आपलीच गोष्ट!

पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरला होता. थोड्या डॉलरांत पॅरिसमध्ये राहता येई, म्हणून लिहिणारी तरुण मंडळी तिकडे जमली. अर्नेस्ट हेमिंग्वे १९२१च्या डिसेंबरात पोचला, तो शेरवूड अँडरसन या वडीलधाऱ्या लेखकाची पत्रं खिशात घेऊन. आपण नाही का, कुणाच्या तरी मावसभावाचा फोन नंबर घेऊन इथे उतरलो? तसंच. त्या पत्रांमुळे गर्ट्रूड स्टाइनबाईंचं दार उघडलं. त्यांनी त्याचं लिखाण वाचलं, समजावून सांगितलं, पुढे त्याच्या मुलाच्या त्या धर्ममाताही झाल्या. त्यानेही १९२४मध्ये खटपट करून त्यांची भलीमोठी कादंबरी एका मासिकात क्रमशः छापवून आणली.

इथवर सगळं गोड. पण १९२६मध्ये हेमिंग्वेने चक्क अँडरसनच्या शैलीची टर उडवणारं पुस्तक काढलं. स्टाइनबाई दुखावल्या. १९३३च्या आपल्या पुस्तकात त्यांनी, हेमिंग्वेला आम्ही दोघांनी घडवलं, असं सांगून वर त्याला भित्राही ठरवलं.

मला सर्वांत लागली ती स्कॉट फिट्झगेराल्डची हकिगत. त्या वेळी तो प्रसिद्ध, हेमिंग्वे नवखा. दोघांची भेट होण्याच्याही आधी, १९२४मध्ये, स्कॉटने आपल्या न्यूयॉर्कच्या संपादकाला या मुलाबद्दल कळवलं होतं. पुढे हेमिंग्वे त्याच प्रकाशकाकडे गेला. १९२६मध्ये 'द सन ऑल्सो राइझेस'चं हस्तलिखित वाचून स्कॉटने लांबलचक पत्र लिहिलं : सुरुवात सैल आहे, काप. हेमिंग्वेने सुरुवातीचा मोठा भाग काढून टाकला. कादंबरी गाजली.

आणि उपकाराची फेड? १९३६मध्ये स्कॉट आजारी आणि कर्जात असताना हेमिंग्वेने एका कथेत नाव घेऊन त्याची कीव केली. स्कॉटने विनंती केली, बाबा रे, छापील मजकुरात मला सोड. १९३८मध्ये पुस्तकात ते नाव बदललं गेलं. १९४०मध्ये, अवघ्या ४४व्या वर्षी, स्कॉट वारला. हेमिंग्वेच्या मृत्यूनंतर, १९६४मध्ये, त्याच्या पॅरिसच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यात तो म्हणतो, कापाकापी करून हस्तलिखित प्रकाशकाकडे गेल्यावरच स्कॉटने ते पाहिलं. पण स्कॉटचं ते पत्र मागे उरलं होतं!

असं का होतं? मला वाटतं, परदेशात माणसं मोजकी असतात. मायदेशी आपला वाचक एक, टीकाकार दुसरा, स्पर्धक तिसरा. इथे तिन्ही एकच, आणि शनिवारी त्याच्याचकडे जेवायला जायचं असतं! अपमान एखादे वेळी विसरला जातो, पण घेतलेली मदत रोज समोर दिसते आणि सलते.

त्याच पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच नावाची एक बाई होती. तिने १९१९मध्ये पुस्तकांचं दुकान काढलं. ती पुस्तकं वाचायला द्यायची, लेखकांची पत्रं सांभाळायची, अडीनडीला पैसेही द्यायची. १९२२मध्ये जेम्स जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी तिने त्याचं 'युलिसिस' प्रसिद्ध केलं. बऱ्याच जणांची सालं काढणाऱ्या हेमिंग्वेने तिच्याबद्दल मात्र कृतज्ञतेनेच लिहिलं. ती त्या शर्यतीत नव्हती ना! आपल्या मंडळातही अंकाची पाकिटं चिकटवणारी, लेखासाठी तीन-तीनदा आठवण करणारी मंडळी आहेत. त्यांच्यामुळेच आपण भांडूनही एका अंकात नांदतो.

तर, हेमिंग्वेने छापील पानावर जे नाकारलं, ते मी छापील पानावरच कबूल करतो. माझ्या त्या कथेची सुरुवात माझी नाही, माझ्या मित्राची आहे. मागच्या महिन्यात त्याला फोन करून हे सांगितलं. क्षणभर तो गप्प झाला, मग म्हणाला, "अरे, शेवटही जरा लांबलाच होता."

हा लेख त्यालाच आधी वाचायला दिला आहे. शेवट त्याने कापला.