आराखडा दुसऱ्याचा, टेबल आपलें

हौसेनें सुतारकाम करणाऱ्या माणसापुढें पहिल्याच दिवशीं एक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्यानें काढलेला आराखडा मिळवून त्याबरहुकूम वस्तु करावी, कीं स्वतःच्या कल्पनेनें करावी? पहिल्या मार्गानें जाणाऱ्यास लोक नकल्या म्हणतात. दुसऱ्या मार्गानें जाणारा बहुधा लांकूड फुकट घालवितो. मीं दोन्ही मार्गांनीं जाऊन दोन टेबलें बिघडविलीं आहेत. तेव्हां या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोंचतो, असें समजून आज आपणांपुढें बसलों आहें.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर आठ वर्षांच्या नातीसाठीं लिहिण्याचें टेबल करावें, असें मनांत आलें. एका परदेशी मासिकांत सुरेख आराखडा सांपडला. वैशाखांत चांगलें सागवान आणलें आणि आंकड्यांत केसाइतकाहि फरक न करतां टेबल पुरें केलें. उंची आराखड्यांत होती तीच, ३० इंच. नात खुर्चीवर बसली तों तिचीं कोपरें खांद्याच्या रेषेला गेलीं आणि पाय अधांतरीं लोंबूं लागले. पुढें आषाढांत बाजूचा खण फुगून असा बसला कीं तिच्या शाळेच्या वह्या आंतच अडकल्या. मीं ओढाताण केली, तेव्हां खणाचा सांधाच उखडला. आमच्या पेठेंतील एक वृद्ध मिस्त्री तें पाहून म्हणाले, "मास्तर, माप लांकडाचं घेतलंत, पोरीचं घेतलंत का?"

तें वाक्य मला फार लागलें. मासिक मीं माळ्यावर टाकलें आणि दुसरें टेबल सर्वस्वीं आपल्या बुद्धीनें केलें. उंची नातीच्या बेतानें घेतली, खणांना काट दिली. पहिल्या आराखड्यांत वरच्या फळीला जोडणाऱ्या स्क्रूंचीं भोकें लांबट दाखविलेलीं होतीं. तो मला चित्रकाराचा निव्वळ चोखंदळपणा वाटला होता. या वेळीं मीं तीं सरळ गोल पाडलीं आणि वर सरसहि भरपूर लावला. श्रावणांत झालेलें तें टेबल चैत्रांत रात्रीं कडाडून वाजलें. सकाळीं पाहतों तों वरची फळी मधोमध चिरली होती.

श्रोतेहो, या दोन फजित्यांचें कारण एकच आहे. लांकूड तोडल्यावरहि हवेंतील ओलावा घेतें आणि सोडतें. लांबीच्या दिशेनें त्याचा फरक जवळजवळ नसतो. रुंदीच्या दिशेनें मात्र तें फुगतें व आकसतें. सागवान हें त्यांतल्या त्यांत शांत लांकूड. तरीहि सहा इंच उंचीची खणाची बाजू पुण्याच्या वैशाखांतून आषाढांत जातांना इंचाच्या सोळाव्या भागाइतकी सहज वाढते. माझ्या आराखड्यांत फट ठेवली होती बत्तिसाव्या भागाएवढी. ती फट दुसऱ्या हवेसाठीं होती. लांबट भोकें मात्र प्रत्येक हवेसाठीं होतीं, कारण आकसणाऱ्या फळीला सरकण्यास वाव हवाच. पहिल्या वेळीं मीं आराखड्याची चूक पाठ केली आणि दुसऱ्या वेळीं त्याचें शहाणपण फेंकून दिलें.

अंकगणिताच्या पुस्तकांत शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात. तीं उतरून काढणारा मुलगा आणि तीं न पाहतांच मनाला येईल तें लिहिणारा मुलगा, दोघेहि माझ्या वर्गांत नापास होत. आराखड्यांतील प्रत्येक आंकडा हें असेंच एक उत्तर आहे. त्याचा प्रश्न आपण शोधावयाचा असतो. कांहीं आंकडे माणसाच्या देहावरून येतात: बैठकीची उंची गुडघ्यामागच्या वळणावरून, टेबलाची उंची वांकविलेल्या कोपरावरून. कांहीं लांकडाच्या स्वभावावरून येतात. कांहीं केवळ त्या गांवच्या वखारींत ज्या जाडीची फळी मिळते तिच्यावरून येतात, आणि ते खुशाल बदलावे.

सर्वच आंकडे मात्र इतके सोशीक नसतात. पुस्तकांच्या कपाटाची फळी थोडी लांब केली तर काय बिघडलें, असें आपणांस वाटतें. परंतु पुस्तकांनीं भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली, तर तिचा झोल सोळापट होतो; जाडी निम्मी केली, तर आठपट.

थोर कारागिरांनींहि आराखडा या दृष्टीनेंच पाहिला आहे. लंडनच्या थॉमस चिपेंडेलनें १७५४ सालीं आपल्या नमुन्यांचा ग्रंथ छापला. त्यांतील कित्येक खुर्च्यांचा डावा पाय एका घाटाचा आणि उजवा दुसऱ्या घाटाचा दाखविला आहे, तो गिऱ्हाइकानें व सुतारानें निवड करावी म्हणून. आंतील सांधे कसे करावे हें त्यानें बहुधा सांगितलेंच नाहीं; तें करणाऱ्यास ठाऊक असणारच, अशी त्याची समजूत होती. इटलींतील एन्झो मारी यानें १९७४ सालीं १९ वस्तूंचे आराखडे टपालखर्चाशिवाय कांहीं न घेतां मागेल त्याला देऊं केले. साध्या फळ्या, खिळे, हातोडी आणि करवत, एवढेंच साहित्य. स्वतः खिळे ठोकतां ठोकतां वस्तु उभी कशी राहते हें माणसाला कळावें आणि पुढें त्यानें आपल्या मनानें फरक करावे, हा त्याचा हेतु होता.

तेव्हां नवशिक्यास माझें सांगणें असें. आराखडा अवश्य घ्यावा. आज तर हातांतल्या फोनवर ते हवे तितके मिळतात. प्रत्येक आंकड्यापुढें शिसपेन्सिलीनें त्याचें कारण लिहावें. कारण सांपडेल तो आंकडा आपल्या माणसाच्या मापानें, आपल्या हवेच्या मानानें बदलावा. सांपडणार नाहीं तो मुकाट्यानें तसाच ठेवावा आणि एखाद्या जाणत्या सुताराला विचारावा. लांकडाला करवत लावण्यापूर्वीं जमिनीवर खडूनें वस्तूचें पूर्ण मापाचें चित्र काढावें. खडूची रेघ पुसतां येते. कापलेलें सागवान जोडतां येत नाहीं.

मीं शेवटीं माळ्यावरचें मासिक खालीं काढलें. त्यांतील लांबट भोकें घेतलीं, खणाची फट वाढविली आणि नातीला खुर्चीवर बसवून, पाय जमिनीवर टेकवून, तिच्या कोपराखालीं पट्टी धरली. एकवीस इंच भरले. त्या टेबलानें दोन पावसाळे पाहिले आहेत. या जूनमध्यें त्याच्या पायांखालीं दोन इंचांचे ठोकळे बसविले, कारण नात वाढली; आणि ते ठोकळे कोणत्याहि आराखड्यांत नव्हते.